वाकडं पाऊल

मराठीत ‘वाकडं पाऊल पडणं’ हा वाक्प्रचार पायाविषयी नाही. तो वागणुकीविषयी आहे, आणि बहुतेक वेळा बाईच्या वागणुकीविषयी. पुरुषाचा पाय घसरतो, बाईचं पाऊल वाकडं पडतं. त्यामुळे एखाद्या घरात खरोखरच वाकड्या पावलांचं मूल जन्माला येतं, तेव्हा निम्मा निकाल भाषेनंच देऊन ठेवलेला असतो. उरलेला निम्मा घरातली माणसं देतात. ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का? पाय दुमडून बसली होतीस का? कुणाचं पाहिलंस? काय खाल्लंस? हे सगळे प्रश्न एकाच व्यक्तीला विचारले जातात, आणि ती नुकतीच बाळंत झालेली असते.

मी डॉक्टर नाही. वैद्यकाचं शिक्षण घेतलेलं नाही. ग्रंथालयांत बसून जुन्या पुस्तकांचे दुवे जोडत जाणं एवढाच माझा अभ्यास. पण ‘हे कशानं झालं?’ या प्रश्नाचा अडीच हजार वर्षांचा मागोवा घेतला, तर उत्तरांइतकाच तो प्रश्न कुणाला विचारला गेला याचाही इतिहास हाती लागतो, असं मला दिसलं. हा लेख त्या दोन्हींबद्दल आहे.

आधी ही व्याधी नेमकी कोणती ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे फेंगडे पाय, मुडदूस, पोलिओ आणि ही व्याधी यांची सरमिसळ होते. मुडदूस म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावानं वाढत्या वयात हाडं मऊ पडून वाकणं. पोलिओत पाय लुळा पडतो, तोही जन्मानंतर. मी ज्याबद्दल लिहितो आहे ते पाऊल जन्मतःच वळलेलं असतं. टाच वर खेचलेली आणि आत कललेली, पुढचा भाग आत मुडपलेला, तळव्याची कमान खोल. दोन्ही पाय तसे असले तर तळवे समोरासमोर, नमस्कारात जोडल्यासारखे दिसतात. डॉक्टर त्याला ‘क्लबफूट’ म्हणतात. उपचार झाला नाही तर मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर, पुढे पुढे तर पावलाच्या पाठीवर चालू लागतं आणि तिथे जाड घट्टे पडतात. हजार जन्मांत साधारण एक असं हे प्रमाण आहे. मुलग्यांत ते मुलींच्या जवळजवळ दुप्पट, आणि निम्म्या बाळांत दोन्ही पावलं वळलेली असतात.

यात एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. काही बाळांचं पाऊल वळलेलं दिसतं, पण हलक्या हातानं सरळ केलं की सरळ होतं. गर्भाशयात अवघडून बसल्याचा तो परिणाम असतो आणि तो बहुधा आपोआप किंवा थोड्या व्यायामानं जातो. खरा क्लबफूट ताठर असतो. हातानं सरळ होत नाही, कारण घोट्यामागचे आणि आतल्या बाजूचे स्नायुबंध आखडलेले असतात, पोटरी बारीक असते, आणि घोट्याच्या हाडाभोवतीची बाकीची हाडं आपली जागा सोडून आत सरकलेली असतात. मालीश करून पाय सरळ केल्याच्या ज्या गोष्टी आपण ऐकतो त्या बहुतेक पहिल्या प्रकारातल्या असाव्यात. पण त्यामुळे दुसऱ्या प्रकारातल्या बाळाचे मोलाचे महिने तेल चोळण्यात जातात.

कारणाबद्दलचा सर्वांत जुना तर्क ग्रीकांचा. हिपोक्रेटिसच्या नावानं चालत आलेल्या ग्रंथांत एक छान दाखला आहे. काकडी लहान असताना भांड्यात ठेवली तर ती त्या भांड्याच्या आकाराची वाढते; गर्भाशय अरुंद असेल तर गर्भाचंही तसंच होतं. त्याच परंपरेतल्या सांध्यांवरच्या ग्रंथात उपचारही सांगितला आहे. लवकर सुरुवात करा, हातानं हळूहळू वळवा, पट्ट्या बांधा. जोर लावू नका. पुढची दोन हजारांहून अधिक वर्षं वैद्यक या सल्ल्यापासून दूर जात राहिलं आणि विसाव्या शतकात वळसा घालून पुन्हा तिथेच आलं. त्याबद्दल पुढे.

आपल्याकडच्या ग्रंथांत दोन धारा दिसतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीचे डोहाळे डावलले तर मूल कुबडं, थोटं, लंगडं किंवा खुजं जन्माला येतं असं म्हटलं आहे. आज हे वाचताना अंधश्रद्धा वाटते, पण त्यातला रोख पाहावा. इथे कसूर बाईची नाही, तिची इच्छा न पुरवणाऱ्या घराची आहे. डोहाळजेवणाच्या थाटामागे हा धाकही कुठेतरी असणार. चरकसंहितेतली धारा याहून वेगळी आहे. गर्भाच्या विकृतीची कारणं सांगताना तिथे बीज, कर्म, आशय म्हणजे गर्भाशय, आणि काळ यांचे दोष येतात, आणि त्यानंतर आईचा आहारविहार येतो. त्याहीपुढे जाऊन चरक एक कळीचा प्रश्न विचारतो. व्यंग असलेल्या माणसाचं मूल प्रत्येक वेळी तसंच का निपजत नाही? त्याचं उत्तर असं की बीजाचा जो भाग बिघडलेला असेल त्यापासून होणारा अवयवच बिघडेल; तो भाग शाबूत असेल तर अवयवही शाबूत. यात जनुकशास्त्र आधीच होतं असं म्हणण्याचा मोह मला होत नाही. पण प्रश्न बरोबर विचारला होता, एवढं मान्य करायला हरकत नाही.

आणि मग अष्टावक्र. महाभारताच्या वनपर्वातली ही कथा आपण ज्ञानी बालकाची म्हणून सांगतो. राजा जनकाच्या दरबारात बंदीला वादात हरवणारा मुलगा. पण तो आठ ठिकाणी वाकडा कशानं झाला? सुजातेच्या पोटात असताना त्यानं बापाच्या, कहोडाच्या, पाठातली चूक दाखवली आणि शिष्यांसमोर अपमान झालेल्या बापानं गर्भालाच शाप दिला. म्हणजे आपल्या सर्वांत प्रसिद्ध जन्मजात व्यंगाचं कारण कथाकारानं बापाच्या अहंकारात शोधलं आहे. सुजातेकडे कुणी बोट दाखवत नाही. ही कथा ठाऊक असलेल्या समाजात वाकड्या पावलासाठी बापाला जाब विचारण्याची प्रथा का पडली नसावी, याचं मला नेहमी नवल वाटतं.

ग्रहणाचं तर सर्वांना ठाऊक आहे. वेध लागल्यापासून गरोदर बाईनं चिरू नये, कापू नये, शिवू नये, हातपाय दुमडू नयेत, सरळ पडून राहावं. चिरलं तर बाळाचा ओठ फाटतो, पाय दुमडले तर बाळाचे पाय दुमडतात. कृती आणि परिणाम यांच्यातलं सारखेपण हेच इथे कारण ठरतं. ही विचारपद्धती फक्त आपली आहे असं मात्र नाही. सोळाव्या शतकातला फ्रान्सचा नामवंत शस्त्रवैद्य आंब्रोझ पारे यानं विकृत जन्मांवरच्या आपल्या पुस्तकात जी कारणं दिली, त्यांत गरोदर बाईनं फार वेळ पायावर पाय टाकून बसणं हेही एक आहे. पॅरिसच्या राजवैद्याचं आणि आपल्याकडच्या एखाद्या वाड्यातल्या आजेसासूबाईंचं इतकं जुळावं!

कवी बायरनचं उदाहरण इथे टाळता येत नाही. १७८८ साली जन्मलेल्या बायरनचा उजवा पाय अधू होता. तो खरा क्लबफूट होता की आणखी काही, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण बायरनच्या मनात कारणाविषयी शंका नव्हती. ग्रीसमध्ये त्याच्यासोबत असलेल्या लॉर्ड स्लायगोची आठवण टॉमस मूरनं बायरनच्या चरित्रात दिली आहे. समुद्रस्नानाच्या वेळी आपलं उघडं पाऊल दाखवून बायरननं सांगितलं की हे व्यंग आपल्या जन्मावेळच्या आईच्या खोट्या लाजेमुळे आलं. इतका बुद्धिमान माणूस, पण या बाबतीत त्याचाही हिशेब आजेसासूबाईंसारखाच.

एकोणिसाव्या शतकात कारणापेक्षा रचनेकडे लक्ष गेलं. इटलीच्या आन्तोनियो स्कार्पानं १८०३ साली वाकड्या पावलांवर प्रबंध लिहिला आणि हाडं एकमेकांवरून कशी सरकलेली असतात ते दाखवलं. फ्रान्समध्ये देलपेशनं १८१६ साली, आणि मग हानोव्हरमध्ये स्ट्रोमायरनं १८३१ साली, टाचेमागची जाड शीर त्वचेखालून छोट्या छेदानं कापण्याची शस्त्रक्रिया केली. स्ट्रोमायरकडे १८३६ साली उपचार घेणारा एक रुग्ण स्वतःच डॉक्टर होता: विल्यम लिटल. त्याचं पाऊल लहानपणच्या पोलिओनं वाकलेलं होतं. बरा होऊन तो लंडनला परतला, ती शस्त्रक्रिया तिथे नेली आणि पुढे खास अशा रुग्णांसाठी रुग्णालय उभारलं. फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’त हीच नवी शस्त्रक्रिया खेड्यातल्या तबेल्यातल्या नोकरावर होते आणि त्याचा पाय सडून कापावा लागतो, हे वाचकांना आठवत असेल. फ्लोबेरचे वडील शस्त्रवैद्य होते. ते प्रकरण अंगावर येतं ते उगाच नाही.

भांड्यातल्या काकडीचा तर्क मात्र टिकून होता. १९३० च्या दशकात लंडनच्या डेनिस ब्राऊन या बालशल्यविशारदानं तो पुन्हा जोरात मांडला: गर्भाशयातला दाब. दोन बुटांना जोडणारी जी दांडी आज बाळांना लावतात तिला अजून त्याचं नाव आहे. या तर्काविरुद्ध जर्मन संशोधक ब्योम यानं १९२९ साली वेगळी मांडणी केली होती. गर्भाचं पाऊल सुरुवातीच्या आठवड्यांत सर्वांचंच आत वळलेलं असतं आणि मग हळूहळू सरळ होतं. काहींत ती प्रक्रिया मध्येच थांबते, एवढंच. मला हा विचार आवडतो, कारण त्यात कुणी काही ‘केलेलं’ नसतं. आपण सगळेच एकदा वाकड्या पावलांचे होतो. पण प्रक्रिया का थांबते, हे तो सांगत नाही. शिवाय ताठर क्लबफूटमधली हाडांची ठेवण त्या सुरुवातीच्या अवस्थेशी पुरती जुळत नाही, हा आक्षेपही रास्त आहे.

दाबाच्या तर्काला खरी कसोटी अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाली. गर्भजलाची तपासणी एरवी पंधराव्या-सोळाव्या आठवड्यात करतात. ती अकराव्या-बाराव्या आठवड्यात करता येईल का, हे पाहण्यासाठी कॅनडात चार हजारांहून अधिक स्त्रियांवर चाचणी झाली. १९९८ साली निकाल आला. लवकर तपासणी झालेल्या गटात क्लबफूटचं प्रमाण शंभरात १.३ होतं, नेहमीच्या वेळी तपासणी झालेल्या गटात शंभरात ०.१. म्हणजे तेरापट. ज्यांचं गर्भजल नंतर झिरपत राहिलं त्यांच्यात तर ते आणखी जास्त. त्यानंतर लवकरची तपासणी बंद झाली. मग काकडी जिंकली का? पूर्ण नाही. अकराव्या आठवड्यातला गर्भ बोटभरही नसतो आणि भोवती जागा पुष्कळ असते. उलट शेवटच्या महिन्यांत, खरी दाटी होते तेव्हा, पाणी कमी झालं तरी ताठर क्लबफूट सहसा होत नाही. तेव्हा मुद्दा नुसत्या दाटीचा नसून वेळेचा आहे. ठरावीक आठवड्यांत काहीतरी बिघडलं तर पाऊल वळतं. सोळाव्या आठवड्यात तपासणी करून घेतलेल्या आईनं मात्र या आकड्यांनी जिवाला घोर लावून घेण्याचं कारण नाही.

आता ज्या पुराव्यानं माझं मत पक्कं झालं त्याकडे येतो. जर्मनीत इडेलबेर्गर यानं १९३९ साली जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीतल्या एकाला तरी क्लबफूट आहे अशा १७४ जोड्या. एकाच बीजापासून झालेल्या, म्हणजे तंतोतंत सारख्या जुळ्यांत दोघांनाही तो असण्याचं प्रमाण शंभरात सुमारे ३३; वेगवेगळ्या बीजांच्या जुळ्यांत शंभरात जेमतेम ३. पुढे १९६४ साली ब्रिटनमध्ये रूथ विन-डेव्हिस यांनी कुटुंबांचा अभ्यास केला, तेव्हा आधीच्या बाळाला क्लबफूट असेल तर पुढच्या भावंडाला तो असण्याचं प्रमाणही शंभरात दोन-तीनच भरलं.

हे आकडे शेजारी ठेवून पाहा. भिन्न बीजांची जुळी नऊ महिने एकाच कुशीत असतात. आईनं जे खाल्लं ते दोघांनी खाल्लं, ती जशी बसली तशी दोघांना घेऊन बसली, ग्रहण लागलं ते दोघांना लागलं. तरीही दुसऱ्या बाळाचा धोका वेगळ्या बाळंतपणात, वेगळ्या वर्षी जन्मलेल्या भावंडाइतकाच राहतो. आईच्या वागण्यात मुख्य कारण असतं तर जुळी आणि साधी भावंडं यांच्यात ठळक फरक पडला असता. तो पडत नाही. आणि सारख्या जुळ्यांचा आकडा उलट्या बाजूनं वाचला तर बीजालाही सगळा दोष देता येत नाही. तीनांतल्या दोन जोड्यांत बीज तेच, कूसही तीच, पण एकाचं पाऊल वळलेलं आणि दुसऱ्याचं सरळ. म्हणजे बीजातली प्रवृत्ती आणि तिच्यावर पडणारी एखादी छोटी, बहुधा योगायोगाची भर.

या अभ्यासाचं साल विसरून चालणार नाही. १९३३ मध्ये नाझी राजवटीनं सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्यात गंभीर आनुवंशिक शारीरिक व्यंग हेही एक कारण नोंदलेलं होतं. ‘आनुवंशिक’ हा शब्द त्या काळी तिथे निदान नव्हता, शिक्षा होती. आणि त्या राजवटीचा प्रचारमंत्री गोबेल्स स्वतः वाकड्या उजव्या पावलानं लंगडत चालत होता. दोष आईच्या वागण्यातून काढून रक्तात टाकला की तो नाहीसा होतो असं नाही. कधी कधी तो अख्ख्या घराण्यावर बसतो. आपल्याकडे स्थळ पाहताना ‘त्यांच्यात तसं आहे’ असं हळू आवाजात म्हणतात, ती याचीच घरगुती आवृत्ती.

बीजातलं नेमकं काय, याचे धागे गेल्या वीसेक वर्षांत हाती येऊ लागले. अमेरिकेत सेंट लुईस इथे क्रिस्टिना गर्नेट आणि सहकाऱ्यांना २००८ साली पाच पिढ्यांच्या एका कुटुंबात ‘पिटएक्स१’ नावाच्या जनुकात बदल सापडला. हे जनुक भ्रूणात ‘हा हात नव्हे, पाय आहे’ हे ठरवायला मदत करतं. कोंबडीच्या भ्रूणात पंखाच्या कळीमध्ये ते मुद्दाम कामाला लावलं तर पंख पायासारखा होऊ लागतो. त्याच साखळीतल्या ‘टीबीएक्स४’ या पुढच्या जनुकाभोवतीचे बदलही काही कुटुंबांत आढळले. पण अशी कुटुंबं थोडी. बहुसंख्य बाळांत अनेक जनुकांचा थोडाथोडा भार एकत्र येऊन उंबरठा ओलांडतो, असंच आज मानलं जातं. मुलींचा उंबरठा उंच दिसतो, म्हणून त्यांच्यात हा दोष कमी. पण ज्या बाईला तो असतो तिच्या मुलांत मात्र प्रमाण अधिक. मानवसमूहांतला फरकही इकडेच बोट दाखवतो. हवाईच्या मूळ रहिवाशांत हजारी सहा-सात, चिनी लोकांत हजारी अर्ध्याहून कमी.

वागण्याचं एकही कारण सिद्ध नाही असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. गरोदरपणातलं धूम्रपान हे एक आहे. अमेरिकेतल्या २००० सालच्या एका अभ्यासात धूम्रपानानं एकट्यानं धोका थोडाच, म्हणजे सव्वा-दीडपटीच्या आसपास वाढलेला दिसला. घराण्यात क्लबफूट असेल तर सुमारे साडेसहापट. आणि दोन्ही एकत्र आले तर सुमारे वीसपट. आपल्याकडे गरोदर बायका सिगारेट क्वचित ओढतात, मिश्री मात्र लावतात. ते आकडे मिश्रीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी मिश्री इतर कारणांसाठीही वाईटच, तेव्हा सासूबाईंना काही सोडायला सांगायचंच असेल तर ग्रहणातल्या विळीऐवजी मिश्रीची डबी सांगावी. त्या स्वतःही ती सोडतील तर उत्तम.

पाच बाळांतल्या चौघांत क्लबफूट एकटाच असतो. पाचव्यात त्याच्यासोबत पाठीच्या मणक्याचा किंवा सांध्यांचा आणखी काही विकार असतो आणि तिथे कारणही वेगळं असतं. म्हणून जन्मल्याबरोबर बाळाची पाठ, नितंब आणि हात नीट तपासणं महत्त्वाचं. हल्ली अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीतच पाऊल वळलेलं दिसतं, आणि घाबरून टोकाचे निर्णय घ्यायला निघालेली जोडपी मी पाहिली आहेत. सोबत दुसरा दोष नसेल तर हे बाळ शाळेत पळणार आहे, हे त्यांना कुणी ठामपणे सांगितलेलं नसतं.

पळणार आहे, कारण इग्नासियो पोन्सेती. १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर घड्याळजीच्या घरी जन्मलेला हा माणूस यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूनं जखमींवर उपचार करत होता. पराभवानंतर मेक्सिकोमार्गे १९४१ साली तो अमेरिकेतल्या आयोवाला पोचला. तिथे त्याला दिसलं की मोठ्या शस्त्रक्रिया झालेली पावलं काही वर्षांनी ताठ आणि दुखरी होतात. मग त्यानं सांध्यांच्या हालचालींचा बारकाईनं अभ्यास केला. घोट्याच्या हाडाच्या डोक्यावर अंगठ्यानं आधार द्यायचा, पाऊल त्याभोवती हळूहळू बाहेर फिरवायचं, प्लास्टर घालायचं; आठवड्यानं काढून पुन्हा थोडं फिरवायचं. अशी पाच-सहा प्लास्टरं. शेवटी बहुतेक बाळांत टाचेमागची शीर छोट्या छेदानं कापायची. ती काही आठवड्यांत लांब होऊन जुळते. १९६३ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं आणि जवळजवळ तीस वर्षं कुणी फारसं ऐकलं नाही. शस्त्रक्रियेचा दबदबा होता. प्लास्टरात कसली प्रतिष्ठा? १९९६ साली त्याचं पुस्तक आलं, बरी झालेली मुलं पाहून इतर आईबाप मागणी करू लागले, आणि तेव्हा कुठे जग वळलं. २००९ साली तो वारला तोवर ही पद्धत जगभर पहिली निवड झाली होती. लवकर सुरुवात, हलका हात, बांधून ठेवणं. हिपोक्रेटिसच्या परंपरेत हेच लिहिलेलं होतं.

आपल्याकडे ० ते १८ वयाच्या मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याच्या यादीत क्लबफूट आहे आणि सरकारी रुग्णालयांत हे उपचार मिळतात. मी एका जिल्हा रुग्णालयाच्या प्लास्टरच्या खोलीबाहेर काही आठवडे बसलो. तिथल्या बायकांना कारण विचारलं नाही, तरी त्या आपणहून सांगत होत्या. एकीनं ग्रहण सांगितलं, दुसरीनं सातव्या महिन्यातला एसटीचा प्रवास. एका बापानं मात्र पँट वर करून आपली बारीक पोटरी दाखवली आणि म्हणाला, “माझंच आहे साहेब, माझ्या आईनं बांबूच्या कामट्या बांधून सरळ केला.” त्याची बायको हे पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी त्याच्याकडे बघत राहिली.

प्लास्टर निघाल्यावर खरी कसोटी लागते. दांडीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि मग वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत रात्री झोपताना घालावे लागतात. बाळ रडतं, शेजारी हळहळतात, आणि एका रात्री कुणीतरी दया येऊन ते काढतं. पाऊल पुन्हा वळण्याचं सर्वांत मोठं कारण हे आहे. त्या बुटांचा पट्टा रोज रात्री आवळायचं काम बहुतेक घरांत एकट्या आईवर पडतं. ते बापानंही करावं, असं त्या खोलीतली परिचारिका प्रत्येकाला बजावून सांगत होती आणि पट्टा कसा लावायचा ते बापाच्या हातून दोनदा करवून घेतल्याशिवाय त्यांना सोडत नव्हती.